गव्हाला वापरलेली घरघंटी सिलिॲकवाल्याच्या ज्वारीला चालेल का?

दोन_डबे

घरात एकाला सिलिॲक (ग्लूटेन, म्हणजे गव्हा-बार्लीतलं प्रथिन, न चालणारा आतड्याचा आजार) निघालं आहे. टीटीजी (सिलिॲकसाठीची रक्ततपासणी) वाढलेलं होतं, बायोप्सीनंतर नक्की झालं. गहू, रवा, मैदा, बार्ली त्याच्यापुरते बंद. बाकीचे चौघं पोळी खाणारे. घरघंटी एकच आहे: १ एचपी, स्टीलचा चेंबर, आत पाती, भोवती जाळी. दगडाची नाही. आजवर तिच्यात मुख्यतः गहूच दळला गेलाय.

ज्वारीचं विकतचं पीठ नको आहे, कारण त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडा फाटतात. बाजरीचं तर आठवडाभरात कडवट होतं. त्यामुळे ताजंच दळायचं आहे. आठवड्याला ज्वारी ३ किलो, तांदूळ १ किलो, बाजरी आणि नाचणी अर्धा-अर्धा किलो.

प्रश्न असे:
१. घरघंटी ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ केली, मग किलोभर तांदूळ दळून बाजूला काढला आणि त्यानंतर ज्वारी दळली, तर चालेल का?
२. की फक्त जाळी आणि पिठाची कापडी पिशवी वेगळी ठेवून भागेल?
३. घरात जुनं जातं आहे. टाकी लावून (छिन्नीने दगड टोचून) घेतली तर ते वापरता येईल का?

पाना_पकड

१ आणि २ दोन्हीला नाही.

स्टीलचा चेंबर पुसला की झालं असं वाटतं, कारण दार उघडल्यावर तेवढाच भाग दिसतो. पीठ बसतं ते न दिसणाऱ्या जागी. वरून खाली येऊ.

हॉपरच्या तळाशी धान्याचा घास कमी-जास्त करायची सरकपट्टी असते. ती ज्या खाचेत सरकते तिथे कोंडा दाबून बसलेला असतो. पट्टी पूर्ण बाहेर ओढून हॉपर उलटा ठोकून बघा, अख्खे गहूही पडतील. हा पुढच्या दळणात थेट जाणारा गहू आहे आणि तो चेंबरच्या सफाईत कधीच सापडत नाही.

मग पात्यांची चकती. पुढून ब्रश फिरतो. चकतीची मागची बाजू आणि चेंबरची मागची भिंत यांच्यामध्ये मात्र जेमतेम काही मिलिमीटरची फट असते. चकती गरगरते तेव्हा बारीक पीठ तिथे फेकलं जातं आणि पावसाळ्यात तिथेच थापून बसतं. मधला बोल्ट सोडून पुलरने चकती ओढल्याशिवाय ती जागा दिसतसुद्धा नाही. हे घरी करायच्या फंदात पडू नका. परत बसवताना चकती जराशी तिरकी बसली तरी मशीन थरथरतं, पाती जाळीला घासतात आणि लोखंडाचा कीस पिठात येतो.

शाफ्ट चेंबरमध्ये शिरतो तिथे फेल्टची किंवा रबराची सील असते. फेल्ट असेल तर त्यात पीठ मुरलेलं असतं, ते निघत नाही. ती बदलायला मोटर सोडावी लागते. दाराच्या कडेची रबरी पट्टी, जाळी बसते ती खाच, जाळीची भोकं, पीठ खाली पडतं ती नळी या सगळ्या जागा आल्याच. कापडाचं तर विचारूच नका. पिशवीच्या विणीत पीठ जाणं हेच तिचं काम आहे, हवा बाहेर सोडून पीठ अडवायचं.

शेवटी कपाट. मोटरही त्याच कपाटात असते आणि तिचा पंखा आतली हवा सतत ढवळत राहतो. प्लायच्या कोपऱ्यांत, वायरींवर, मोटरच्या पाकळ्यांवर गव्हाचं पीठ साचलेलं असतं. चालू केलं की ते उडतं आणि पिठाच्या डब्यावर उतरतं.

म्हणजे जाळी आणि पिशवी वेगळी घेतली तर दहापैकी दोन जागा बदलल्या, बाकी आठ तशाच.

सफाईच्या दोन पद्धती तर उलट घात करतात. एक, कॉम्प्रेसरची हवा मारणं. पीठ एका फटीतून निघून दुसऱ्या फटीत जातं, उरलेलं खोलीभर. दुसरी, ओलं फडकं. पीठ ओलं झालं की त्याची खळ होते, फटीत वाळते आणि मग खरवडूनही निघत नाही. पुढच्या दळणांच्या उष्णतेने तिचे पापुद्रे सुटत राहतात, आज एक, महिन्याने एक.

मिलिग्रॅम

वर सांगितलं ते बरोबर आहे. त्याला आकड्यांची जोड देतो, म्हणजे "एवढ्याने काय होतंय" हा घरातल्यांचा प्रश्न मिटेल.

ग्लूटेनमुक्त म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाचीही तीच, आपल्या एफएसएसएआयचीही (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही) तीच. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने ८ ते १० टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे १ ग्रॅम कणकेत ८० ते १०० मिलिग्रॅम. एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा संपली. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही.

आता घरघंटी घ्या. समजा गव्हाच्या दळणानंतर सगळ्या फटी, कापड, नळी मिळून ५० ग्रॅम कणीक आत राहिली. तुम्ही इतकी निगुतीने साफ केली की ९९ टक्के निघाली. उरली अर्धा ग्रॅम, म्हणजे साधारण ४५ मिलिग्रॅम ग्लूटेन. त्यावर २ किलो ज्वारी दळली तर किलोमागे २२ मिलिग्रॅम. नव्याण्णव टक्के सफाई करूनही नापास.

तेही सगळं पीठ एकजीव झालं असं धरून. प्रत्यक्षात उरलेली कणीक पहिल्या अर्ध्या किलोतच जास्त उतरते. सगळी ४५ मिलिग्रॅम पहिल्या अर्ध्या किलोत आली तर तिथे किलोमागे ९० होतात. दिवसाला तीन भाकऱ्या धरल्या तर सुमारे २०० ग्रॅम पीठ, म्हणजे १८ मिलिग्रॅम ग्लूटेन. सिलिॲकमध्ये दिवसाचं ग्लूटेन १० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं हा सर्वसाधारण संकेत आहे. ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर काही महिन्यांत आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

तांदळाचं 'सफाईचं दळण' म्हणूनच भरवशाचं नाही. तांदूळ उघड्या पृष्ठभागावरचं पीठ ओढून नेतो. चकतीमागचं आणि फेल्टमधलं नेत नाही, ते त्याच्या वाटेवरच नाही.

आणखी एक. पोटात दुखलं नाही म्हणजे पीठ चांगलं, असं धरू नका. बऱ्याच सिलिॲकच्या माणसांना थोड्या ग्लूटेनने काहीच जाणवत नाही, आतली झीज मात्र चालू असते. पीठ बरोबर आहे की नाही याचा अंदाज डॉक्टर सांगतील तेव्हा केलेल्या टीटीजीवरून येतो. ते उतरायलाही वेळ लागतो, कित्येकांना वर्ष-दीड वर्ष.

मालदांडी

जरा अतीच होतंय का हे? बऱ्याच गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळीच असते. उपवासाच्या दळणाला तर गिरणीवाले चक्की झाडून, दगड पुसून देतात. सकाळचं पहिलं दळण आपलं लावलं तर काय हरकत आहे? आणि पीठ कडक उन्हात ठेवलं, भाजलं, तर उरलंसुरलं जाईल ना?

पाना_पकड

उपवासाला चक्की झाडतात ती विटाळ नको म्हणून. साबुदाण्याच्या पिठात गव्हाचे चार कण गेले तर उपवास मोडला असं कोणी तपासत नाही. इथे ते चार कणच मोजायचे आहेत.

गिरणीतल्या 'ज्वारीच्या चक्की'त थालीपिठाची भाजणीही दळली जाते आणि तिच्यात गहू असतो. मेतकुटातही गहू असतो. लापशी, जाडसर दलियाही अधूनमधून तिथेच जातो, कारण गव्हाच्या चक्कीचा दगड बारकाईला लावलेला असतो. शिवाय चक्क्या दोन असल्या तरी खोली एक, गिरणीवाला एक, त्याचा झाडू एक आणि चक्कीच्या तोंडावर बांधायच्या कापडी झोळ्याही एकमेकींत बदललेल्या. हवेत उडालेलं गव्हाचं पीठ खाली बसायला तास तास लागतात. सकाळचं पहिलं दळण म्हणजे रात्रभर सगळ्यावर बसलेली धूळ घेऊन येणारं दळण.

दगडाची चक्की तर स्टीलपेक्षा वाईट. दगड सच्छिद्र असतो, टाकीच्या प्रत्येक रेघेत पीठ.

मिलिग्रॅम

ऊन, भाजणं, ओव्हन, फ्रीजर, कशानेच ग्लूटेन जात नाही. जंतू मरतात, ग्लूटेन हे प्रथिन आहे, त्यात मरण्यासारखं काही नाही. पोळी तव्यावर भाजलेलीच असते, तिनेच तर त्रास होतो. आंबवूनही जात नाही. आंबोळीच्या पिठात चुकून कणीक पडली आणि रात्रभर आंबली म्हणून ती चालणार नाही.

चाळण_सूप

यंत्रावर भरपूर झालं. पण मशीन कोरं करकरीत आणलं तरी धान्यच गहूमिश्रित असेल तर काय उपयोग? याकडे कोणी बघत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरचंच गणित दाण्याला लावा. गव्हाच्या एका दाण्याचं वजन साधारण ४० मिलिग्रॅम. त्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन. किलोभर ज्वारीत गव्हाचे ५-६ दाणे राहिले की २० ची मर्यादा गाठली. सुट्ट्या ज्वारीत एवढे दाणे सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

ते येतात कुठून? रब्बीची ज्वारी आणि गहू साधारण एकाच सुमारास, फेब्रुवारी-मार्चच्या आगेमागे, काढणीला येतात. मळणी यंत्र गावात एकच फिरतं, आज गव्हाच्या खळ्यावर, उद्या ज्वारीच्या. ताडपत्री तीच. बारदान तर दहा वेळा वापरलेलं, त्याच्या शिवणीत गहू असतोच. मग आडत, मग किराणा दुकानातली उघडी पोती आणि सगळ्यांना मिळून एक माप. कोकणातल्या आणि घाटावरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या नाचणी-तांदळाला शेतात हा धोका कमी, कारण तिथे गहू फारसा पेरलाच जात नाही. दुकानातला धोका मात्र तोच.

म्हणून धान्य शक्यतो अख्खं, बंद पाकिटातलं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडचं घ्या आणि नव्या पोत्यात भरून मागा. त्यानंतर निवडणं.

ज्वारी: चाळणीचा उपयोग नाही, गव्हाची जाडी ज्वारीच्या जवळपास असते. हातानेच निवडायची. एका वेळी पाव किलो, मोठ्या ताटात एकच थर, दिवसाउजेडी. ज्वारीचा दाणा गोल आणि मोतिया, गहू लांबट आणि पोटात चीर, त्यामुळे डोळ्याला लगेच खटकतो. खरी डोकेदुखी गव्हाच्या अर्धुकांची, ती ज्वारीच्या कणीसारखी दिसतात. संशय आला की तुकडा बाहेर, वाद घालायचा नाही. ताट अर्धवट फिरवून दुसऱ्या दिशेने परत बघा. शक्य असेल तर दुसऱ्या बैठकीत दुसऱ्या माणसाने बघावं. एकाच नजरेला दुसऱ्यांदाही तेच चुकतं.

बाजरी आणि नाचणी: इथे चाळण मदतीला येते. बाजरीला साधारण अडीच मिलिमीटर भोकाची, नाचणीला दोनची. धान्य खाली पडतं, अख्खा गहू वर राहतो. चाळताना आपटू नका, गहू उभा होऊन भोकातून निसटतो. हळू, आडवी हलवा. तुकडे खाली जातातच, म्हणून चाळल्यावरही नजर हवी.

तांदूळ: पांढऱ्या तांदळात गहू उठून दिसतो. हातसडीच्या तांदळात दिसत नाही, तिथे दुप्पट वेळ द्या.

निवडून झालं की धुणं. दाण्याला चिकटलेली गव्हाची धूळ निवडून जात नाही, पाण्याने जाते. भरपूर पाण्यात चोळून तीन-चार पाणी, शेवटचं पाणी नितळ हवं. चाळणीत निथळून घ्या आणि स्वच्छ पंच्यावर पातळ पसरा, घरात, पंख्याखाली. गच्चीवर शेजारणीचा गहू किंवा कुरडया वाळत असतील तर तिथे अजिबात नको. दोन दिवस तरी लागतात. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. चिवट लागला तर आत ओल आहे. ओलसर दाणा दळला की जाळी बुजते, मोटर तापते आणि पीठ दोन दिवसांत कुबट होतं. पावसाळ्यात धुवायचं टाळून, कोरड्या दिवसांत धुऊन वाळवून ठेवलेलं धान्य वापरा.

आणि सूप, चाळण, मापटं, डबे हे सगळं वेगळं. बांबूच्या सुपाच्या विणीत काय काय असतं ते एकदा जोरात झटकून बघा.

दोन_डबे

सगळ्यांचे आभार. म्हणजे दुसरी घरघंटी घेणं आलं. मग तीन गोष्टी विचारते. दोन घरघंट्या एकाच स्वयंपाकघरात ठेवल्या तर? नवी घेताना काय बघू? आणि ती येईपर्यंत काय करू? जात्याचं राहिलंच.

पाना_पकड

एकाच खोलीत नको. गव्हाचं दळण चालू असताना हवेत पीठ असतंच आणि ते दुसऱ्या मशीनच्या हॉपरमध्ये, कपाटात शिरतं.

याहून सोपं आहे. गहू घराबाहेर काढा. जुनी घरघंटी देऊन टाका, नवी फक्त ग्लूटेनमुक्त धान्यासाठी, आणि चौघांचा गहू पूर्वीसारखा कोपऱ्यावरच्या गिरणीत. गिरणीची कणीक झाकणाच्या डब्यातून आणायची, डबा घरात फडक्याने पुसून ठेवायचा. बहुतेक घरं उलटं करतात, गहू घरी दळतात आणि ज्वारी बाहेर देतात, कारण गहू जास्त लागतो. सिलिॲक असलेल्या घरात हे उलटवायला हवं.

नवी घेताना:

वापरलेली नको, कितीही स्वस्त मिळाली तरी. "फक्त डाळी दळल्यात" यावर विश्वास ठेवू नका.

दुकानातला डेमोचा पीस नको, डेमो बहुतेक गव्हावरच होतो. सीलबंद खोका घ्या. घरी बसवायला येणाऱ्या माणसाला आधीच सांगा की चालवून दाखवायला तांदूळ आम्ही देणार. तो पिशवीत स्वतःचा मूठभर गहू घेऊन येतो, तो टाकला की हजारो रुपये पाण्यात.

कारखान्यात चाचणीला काय वापरलं होतं हे विक्रेत्याला सांगता येत नाही. म्हणून नवीन मशीन असलं तरी पहिल्यांदा दार, जाळी, सरकपट्टी काढून कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. व्हॅक्यूमची नळी आणि ब्रशही नवा, गव्हाच्या घरघंटीचा नाही. मग २ किलो तांदूळ दळा. ते पीठ पोळी खाणाऱ्यांना घावन-धिरड्यांना वापरता येईल. नव्या मशीनमध्ये हा उपाय चालतो, कारण तिथे असलीच तर धूळ असते, वर्षांची थापी नसते.

चकती मागून साफ करता येते का, फेल्टची सील आहे की रबराची, दार पूर्ण उघडतं का, हे खरेदीआधी विचारा. स्टीलचा चेंबर आणि पात्यांचं मशीन घ्या, दगडाचं नको.

दुरुस्तीला मशीन बाहेर पाठवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. दुकानात तो दुरुस्त करून गव्हावर चालवून बघतो. आणि वर ठळक अक्षरात चिकटवा: "गहू टाकू नये". पाहुणे आणि कामवाल्या मावशी, दोघांसाठी.

उखळ_मुसळ

जात्याबद्दल. जुन्या जात्यात पूर्वी गहू दळला गेला असेल तर ते नको. टाकी लावल्याने वरचा थर खरवडला जातो हे खरं, पण फक्त दोन्ही तळ्यांचे (जात्याच्या दगडांचे) समोरासमोरचे चेहरे. मधलं तोंड, खुंट्याची खाच आणि दगडाची छिद्रं तशीच. टाकी लावणारा जी छिन्नी आणि ब्रश वापरतो तीही कालच दुसऱ्या कोणाच्या जात्यावर चाललेली असते.

नवं जातं चालेल. त्याचा फायदा असा की लपलेली फट जवळजवळ नाही. वरची तळी उचलली की सगळं समोर. नव्या दगडाची कच जाईपर्यंत तांदळाची कणी दोन-चारदा दळून टाकून द्यायची. हे पीठ कोणीच खायचं नाही, त्यात दगडाची पूड असते. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, नारळाच्या काथ्याचा कुंचा वापरायचा. एका वेळी मूठभरच वैरायचं, जास्त वैरलं की भरड पडते. पण आठवड्याला ५ किलो जात्यावर? नाचणीपुरतं ठीक आहे.

मशीन येईपर्यंत मिक्सर. कोरड्या दळणाचं भांडं नवीन, झाकणासकट. पात्याखालची बुश आणि झाकणाचं रबर यांतच जुनं पीठ अडकतं, म्हणून जुनं भांडं धुऊन चालत नाही. खालची मोटर तीच असली तरी चालते, तिचा पिठाशी संबंध येत नाही, फक्त वरून पुसून घ्या. भांडं एक तृतीयांशच भरा. तीस सेकंद चालवा, थांबा, हलवा, परत तीस. सलग चालवलं तर पीठ गरम होतं आणि भाकरीला चिरा जातात. मग चाळा. वर राहिलेली भरड परत फिरवा, नाही तर तिचा उपमा करा. अर्थात चाळण नवीन. पिठाच्या चाळणीची जाळी आणि कडेचा पत्रा यांच्या मधल्या घडीत कणीक असते, ती धुऊन कधीच जात नाही.

मिलिग्रॅम

पीठ निर्दोष झालं आणि भाकरी पोळीच्याच पोळपाटावर आणि लाकडी काथवटीत झाली, असं होऊ नये. लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, खरबरीत झालेला लोखंडी तवा हे वेगळं. स्टीलची परात साबणाने घासून चालते. आणि पोळी लाटताना भुरभुरलेलं पीठ शेजारच्या उघड्या परातीत जातं, म्हणून भाकरी आधी, पोळी नंतर. भाकरी झाकून ठेवल्यावरच कणकेचा डबा उघडा.

भाजणी, मेतकूट आणि हिंग यांची यादी एकदा तपासा. बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचूनच घ्या. थालिपिठाच्या भाजणीत गव्हाऐवजी ज्वारी वाढवली तर चवीत विशेष फरक पडत नाही. चकलीच्या भाजणीत बहुधा गहू नसतो, पण ज्या कढईत काल रवा भाजला त्यातच ती भाजू नका. सातूचं पीठ नको, ते गव्हाचं किंवा बार्लीचं असतं.

आणि हो, खपली गहू. "खपलीत ग्लूटेन नसतं" असं सर्रास सांगितलं जातं, काही पाकिटांवरही सूचित केलेलं असतं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. सिलिॲकला पूर्ण वर्ज्य.

रानमेवा_गट

विषयाला धरूनच विचारते. आमच्या बचत गटाकडे ३ एचपीचा पल्व्हरायझर (दळणाचं मोठं यंत्र) आहे. त्यावर गहूही दळून देतो. ज्वारी आणि नाचणीचं पीठ पाकिटात भरून विकतो. ग्राहक "ग्लूटेन-फ्री लिहा" म्हणतात. नाचणी मुळातच ग्लूटेनविरहित आहे, मग लिहायला काय हरकत?

मिलिग्रॅम

सध्याच्या मशीनवर लिहू नका. नाचणी ग्लूटेनविरहित आहे, पण तुमचं पीठ आहे का, हे पाकिटावरच्या दाव्यात मोजलं जातं, आणि मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. पाकीट घेणारा सिलिॲकचा असेल तर तो त्या शब्दांवरच विसंबणार. तोवर "नाचणीचे पीठ" एवढंच लिहा आणि त्याच यंत्रावर गहू दळला जातो हेही छापा.

खरंच करायचं असेल तर वेगळं यंत्र, वेगळी खोली, वेगळं दार. पल्व्हरायझरला धूळ गोळा करणाऱ्या उंच कापडी नळ्या असतात, त्यांतून हवा खोलीत येते, म्हणून मध्ये पडदा लावून भागत नाही. गव्हाच्या खोलीतल्या बाईने ॲप्रन, टोपी न बदलता इकडे यायचं नाही. मग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी) पद्धतीने तपासणी. त्यांना आधीच विचारा की आर-५ (ग्लूटेनसाठीची एलायझा) पद्धत आहे का आणि किती खालपर्यंत मोजता येतं.

नमुना कुठला द्यायचा यात बरेच जण स्वतःला फसवतात. दिवसाच्या शेवटचं, सगळ्यात स्वच्छ पीठ पाठवतात आणि अहवाल झकास येतो. दिवसाचं पहिलं अर्धा किलो, मधलं आणि शेवटचं असे तीन वेगळे नमुने द्या, एकत्र करू नका. पहिलं पास झालं तरच अर्थ. आणि हे एकदाच नाही, धान्याचा नवा लॉट आला की परत. गव्हाचा एखादा दाणा फुटून एका पाकिटात ग्लूटेन आणि शेजारच्या पाकिटात शून्य असंही होतं, म्हणून निवडण्याला तपासणी हा पर्याय नाही.

दोन_डबे

सीलबंद मशीन सांगितलं आहे, बसवायला माणूस येईल तेव्हा तांदूळ आमचा. शेवटचा प्रश्न, जाळी कुठली? आणि नव्या मशीनमध्ये धान्याचा क्रम काय ठेवू?

पाना_पकड

जाळ्यांचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून भोक बघून ठरवा. ज्वारी-बाजरीला पोळीच्या कणकेला जी देतात तीच किंवा तिच्याहून एक बारीक. नाचणीला सगळ्यात बारीक दोनपैकी एक, कारण जाड जाळीतून नाचणीचा अख्खा दाणा न फुटताच खाली पडतो. राजगिऱ्याचं तर हमखास. मोदकाच्या पिठीला सगळ्यात बारीक.

क्रम: पांढरं आधी, गडद नंतर. तांदूळ, ज्वारी, बाजरी, शेवटी नाचणी. मग मूठभर तांदूळ टाकून बंद करा. हे ग्लूटेनसाठी नाही, पुढच्या वेळची पिठी लालसर होऊ नये म्हणून. तीळ, शेंगदाणे, सोयाबीन यात कधीच नको, तेल सुटून जाळी बुजते. मोटर पूर्ण वेगात आल्यावरच सरकपट्टी उघडा आणि घास संपल्यावर अर्धा मिनिट रिकामं चालू द्या.

चाळण_सूप

ज्वारी एका वेळी तीन-चार दिवसांपुरतीच दळा, विरी टिकते. बाजरी तर दोन-तीन दिवसांचीच. तिच्यात तेलाचा अंश जास्त, दळली की लगेच खवट व्हायला लागते. जास्त दळलीच तर डबा फ्रीजमध्ये, आणि तो डबाही कणकेच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवा, खालच्या नाही.